असं का होतं? : सुतळीचा पीळ आणि कर्करोगाचं औषध

सुतळीचे दोन पदर ओढून वेगळे करू लागलं, की पुढचा पीळ घट्ट होत जातो. पेशी दुभागण्याआधी नक्कल होण्यासाठी डीएनएचे पिळलेले पदर वेगळे होतानाही तेच होतं. तेव्हा एक विकर एका पदराला चीर देतं, पीळ सैल करतं, चीर सांधतं.

चिनी वैद्यकातल्या ‘शी शू’ झाडातलं कॅम्प्टोथेसिन सांधण्याआधीच त्या विकराला जखडतं. डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा तिथे येऊन आदळते आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी सतत दुभागतात, म्हणून त्या जास्त तावडीत सापडतात. (केसांच्या मुळांतल्या पेशीही सतत दुभागतात, औषधाने केस गळतात ते यामुळेच.)

१९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत हे द्रव्य शोधणारे मनसुख वाणी नंदुरबारचे! तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या ‘नरक्या’ झाडातही आहे, आणि त्यापायीच ते बेसुमार तोडलं गेलं. काढा मात्र करू नका. मूळ द्रव्य विषारी आहे. दवाखान्यात वापरतात ती टोपोटेकान, इरिनोटेकान ही त्याची बदललेली रूपं.