विश्लेषण : गावाची नळयोजना ‘पूर्ण’ झाली म्हणजे काय? ताबा घेण्याआधी ग्रामपंचायतीने काय तपासावे?

टाकी उभी राहिली, गल्लीगल्लीतून पाइप गेले, दारात तोटी बसली. तरीही कागदोपत्री ही योजना गावाची होते ती सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या सहीनंतरच. जलजीवन मिशनची कामे ग्रामपंचायतींकडे हस्तांतरित होत असताना कोरपना तालुक्यासारख्या भागात ही सही कधी करावी आणि त्याआधी काय पाहावे, याचा आढावा.

काम कोणाचे, मालक कोण?

घर बांधताना मालक स्वतः उभा राहून गिलावा ठोकून पाहतो, पैसेही तोच देतो. गावच्या नळयोजनेत तसे नसते. कंत्राट होते जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग किंवा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणि कंत्राटदार यांच्यात. मोजमाप अभियंता घेतो आणि देयकही तिकडूनच निघते. निधी केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा देतात. वीजबिल, मोटारीची दुरुस्ती आणि लोकांचे बोलणे मात्र ग्रामपंचायतीच्या वाट्याला येते. 73व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी हा पंचायतींचा विषय आहे, त्यामुळे ही जबाबदारी टळत नाही. पैसे देणारा एक आणि वापरणारा दुसरा असल्याने हस्तांतरणाचा दिवस हा वापरणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा सर्वांत भक्कम मोका असतो. अनेक ठिकाणी तो नारळ फोडण्यात आणि फोटोत जातो.

कोरपन्यात हा प्रश्न अधिक नाजूक का?

हा चुनखडीचा पट्टा आहे. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा येथील सिमेंट कारखाने त्याच दगडावर उभे राहिले. अशा भूगर्भातले पाणी बहुधा जड असते. शिवाय चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत भूजलातील फ्लोराइड ही जुनी तक्रार आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर कमाल 1.5. म्हणजे नळाला पाणी आले एवढ्याने भागत नाही. ते कोणत्या विहिरीचे वा बोअरचे, हेही पाहावे लागते. त्यात माणिकगड डोंगराच्या बाजूला कोलामांचे पोड मुख्य गावापासून दूर, उंचावर विखुरलेले. जलवाहिनीच्या टोकाला असलेल्या अशा वस्तीत दाब पोहोचतो का, हे टाकीखाली उभे राहून कळत नाही.

ताबा बदलणे या भूभागाला नवे नाही. जुना राजुरा तालुका निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि 1959 मध्ये चंद्रपूरकडे आला. कोरपना आणि जिवती हे तालुके त्यातूनच पुढे वेगळे झाले.

‘पूर्ण’ कोणाच्या हिशेबाने?

कंत्राटदाराच्या लेखी काम पूर्ण होते ते कार्यपूर्तता दाखला मिळाल्यावर. सरकारी कंत्राटांत एक जुनी अट असते : मचाण, उरलेले साहित्य आणि राडारोडा हलवून जागा साफ केल्याशिवाय काम पूर्ण धरायचे नाही. पाइपसाठी फोडलेला सिमेंट रस्ता तसाच पडलेला दिसला, तर ग्रामपंचायतीने आधी निविदेची प्रत मागावी. रस्ता पूर्ववत करणे कामात धरलेले असेल, तर ते अजून बाकी आहे.

संकेतस्थळाच्या लेखी पूर्ण म्हणजे घरोघरी नळजोडणी. पण मिशनच्या नियमातच फरक केला आहे. विभागाने कळवले की गाव ‘हर घर जल’ म्हणून नोंदले जाते. प्रमाणित होते ते ग्रामसभेने तसा ठराव केल्यानंतर. गावाच्या लेखी पूर्ण म्हणजे माणशी रोज 55 लिटर, नियमित आणि पिण्यायोग्य पाणी. हजार वस्तीच्या गावाला हे रोजचे 55 हजार लिटर होतात. स्रोत तेवढे देतो का, हे भूजल सर्वेक्षणाच्या अहवालात आणि प्रत्यक्ष उपशात जुळले पाहिजे.

टाकी गळते की नाही, हे कसे ठरते?

सगळ्यात जास्त वाद इथे होतात. टाकी भरून दुसऱ्या दिवशी पाहिली, कोरडी दिसली, सही झाली, असे होऊ नये. काँक्रीट सुरुवातीला स्वतःच पाणी शोषते. म्हणून पाणी साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात उघड्या टाकीसाठी पद्धत ठरलेली आहे : पूर्ण पातळीपर्यंत भरायची, 7 दिवस तशीच ठेवायची आणि त्यानंतर आणखी 7 दिवस बाहेरच्या बाजू कोरड्या राहतात का ते पाहायचे. एकूण 14 दिवस. या काळात ओल दिसली तर दुरुस्ती आणि पुन्हा चाचणी. वरून रंग दिल्यावर ओल लपते, त्यामुळे चाचणी रंगाच्या आधी झालेली बरी. पाइपचेही तसेच; दाब देऊन सांधे तपासायचे ते चर बुजवण्याआधी.

सहीआधी हातात काय हवे?

प्रत्यक्ष टाकलेल्या वाहिन्यांचा नकाशा सर्वांत आधी. व्हॉल्व्ह कुठे आहे हे फक्त कंत्राटदाराच्या माणसाला ठाऊक असेल, तर पहिल्याच गळतीला अर्धा रस्ता खोदावा लागतो. विहीर वा टाकीची जागा कोणी दिली असेल तर तिचे दानपत्र किंवा संमतीपत्र. मोटारीची हमीपत्रे, पाणी तपासणीचे अहवाल, किल्ल्या. पाणी सोडणाऱ्या माणसाला क्लोरीनची मात्रा देता येते का, तेही तिथेच बघून घ्यावे. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम अवशिष्ट क्लोरीन अपेक्षित असते. मिशनमध्ये गावातील 5 जणांना, शक्यतो महिलांना, तपासणी संचाचे प्रशिक्षण द्यायचे आहे. त्यांनाच त्या दिवशी पाणी तपासू द्यावे.

खर्चाचे काय?

पाच अश्वशक्तीचा पंप रोज 8 तास चालला तर साधारण 30 युनिट वीज लागते, म्हणजे महिन्याला 900. पाणीपट्टी ठरवण्याची ग्रामसभा हस्तांतरणाआधी व्हायला हवी. 15व्या वित्त आयोगाच्या अनुदानातील 60 टक्के बंधित निधीचा निम्मा भाग पाण्यासाठी होता, पण तो काळ 2021 ते 2026 असा मर्यादित. गावांतर्गत कामाच्या खर्चाच्या सुमारे 10 टक्के रक्कम योजना यशस्वी झाल्यावर प्रोत्साहन म्हणून गावाला देण्याची तरतूद मिशनमध्ये आहे. दुरुस्तीचा फिरता निधी म्हणून ती वापरायची असते. ग्रामपंचायतीने ती मागितली पाहिजे.

सही नाकारता येते का?

त्रुटी असतील तर त्यांची यादी करून, ठरावासह लेखी कळवता येते. मात्र नुसते कुलूप लावून बसणे महागात पडते. कंत्राटदाराची दोष दायित्वाची मुदत साधारणपणे काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून मोजली जाते. गाव आणि विभाग वर्षभर भांडत राहिले, तर बंद पंप गंजतो आणि मोफत दुरुस्तीचे वर्षही सरते. म्हणून त्या तारखेची आणि सुरक्षा ठेव कधी परत होणार याची लेखी माहिती मागवावी.

केंद्राने 2025-26च्या अर्थसंकल्पात मिशनला 2028 पर्यंत मुदतवाढ जाहीर केली आहे. म्हणजे ताबा देण्या-घेण्याचे असे प्रसंग पुढेही येतच राहतील. चाचणी शक्यतो मे महिन्यात ठेवावी. ऑक्टोबरात विहीर भरलेलीच असते.