शेतातला उंदीर आणि झाडावरचे शैवाक

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगररांगांत शेताचे बांध आणि पानझडी रान एकमेकांना लागून असल्याने, जगण्याच्या दोन परस्परविरुद्ध रीती तेथे शेजारी शेजारी नांदतात. ‘मस बूडुगा’ हे शास्त्रीय नाव असलेला शेतातला छोटा उंदीर जेमतेम १० ते १२ ग्रॅम वजनाचा असतो. तो बांधात बीळ करतो, बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा लहानसा ढीग रचतो आणि सुमारे तीन आठवड्यांच्या गर्भावस्थेनंतर एका वेळी अनेक पिल्लांना जन्म देत असल्यामुळे दुष्काळात घटलेली संख्या लवकर भरून काढतो.

याउलट शैवाक, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून घडलेला जीव, खोडाच्या सालीवर वर्षाला बहुधा काही मिलिमीटरच वाढतो. काळ्या मसाल्यात पडणारे दगडफूल, वरून राखाडी आणि खालून काळे, हे शैवाकच होय. त्याला मुळे नसतात. पाणी व क्षार ते थेट हवेतून आणि पावसातून शोषते, त्यामुळे हवेतील विषारी वायूही त्याच्यात उतरतात. उत्तरेकडील थंड जंगलांतील ‘एरिओडर्मा पेडिसिलेटम’ हे शैवाक वृक्षतोड आणि प्रदूषण यांमुळेच संकटात आले व २००३ मध्ये जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदले गेले.

उंदराला नवा बांध पुरतो. शैवाकाला मात्र जुने झाड आणि निर्मळ हवा दीर्घकाळ लाभावी लागते, म्हणून नव्या वृक्षलागवडीइतकेच जुन्या झाडांचे रक्षणही महत्त्वाचे ठरते.