येऊरचे राखणदार

मॉलमध्ये आपण कशाला जातो? खरेदीला, खाऊ खायला, नाहीतर नुसतेच सरकत्या जिन्यावरून खाली-वर करायला! पण २० फेब्रुवारी २०१९ रोजी ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये एक वेगळाच पाहुणा येऊन गेला. पहाटेची वेळ होती. दुकाने बंद, माणसांचा पत्ता नाही. सीसीटीव्ही कॅमेऱ्याने मात्र त्याला बरोबर टिपले. चार पाय, लांब शेपटी आणि अंगभर काळे ठिपके. हो, बिबट्याच तो!

मॉलमधून निघून तो जवळच्या एका हॉटेलच्या आवारात जाऊन लपला. वन खात्याची माणसे आली, जनावरांचे डॉक्टर आले. बेशुद्धीच्या औषधाची सुई मारून त्यांनी त्याला पकडले आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात नेले.

हा मॉल आमच्या खोपटपासून हायवे ओलांडला की आलाच. मग काय विचारता! त्या दिवशी माझ्या चौथीच्या वर्गात गणिताचे पुस्तक कुणी उघडायलाच तयार नव्हते. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने मला विचारले, "बाई, बिबट्याला पकडणारे काका बाकीचे दिवस काय करतात? बिबट्या काही रोज मॉलमध्ये येत नाही!"

खरे सांगते, मला उत्तर देता आले नाही. म्हणून पुढच्या हिवाळ्यात परवानगी काढून आम्ही सगळेच निघालो, येऊरला!

वेशीवरचे जंगल

खोपटहून कॅडबरी नाका, तिथून पोखरण रोडने वर्तकनगर, पुढे उपवन तलाव आणि मग चढाचा रस्ता. अर्ध्या-पाऊण तासात इमारती संपतात आणि झाडी सुरू होते. हे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच ठाण्याकडचा भाग. सगळे उद्यान आहे सुमारे १०३ चौरस किलोमीटर. त्याच्या एका अंगाला बोरिवली, दुसऱ्या अंगाला ठाणे. मुंबईला पाणी देणारे तुळशी आणि विहार हे तलाव याच जंगलाच्या कुशीत आहेत. चितळ, सांबर, भेकर, रानडुक्कर, माकडे आणि अर्थातच बिबटे इथे राहतात. प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे असतात, जसे आपल्या बोटांचे ठसे. त्यामुळे कॅमेऱ्यातल्या फोटोंवरून त्यांची मोजदाद करता येते. २०१५ साली उद्यान आणि आसपासचा परिसर मिळून ३५ बिबटे ओळखता आले होते, तर २०१८ च्या मोजणीत ४७.

येऊरच्या फाटकावर खाकी गणवेशातले एक वनरक्षक काका आमची वाटच पाहत होते. त्यांनी सगळ्यांत आधी काय केले असेल? मुलांच्या पिशव्यांतली वेफर्सची, बिस्किटांची पाकिटे मोजली आणि आकडा वहीत लिहून ठेवला! "सव्वीस आत चालली आहेत. परत येताना सव्वीस रिकामी मला दाखवायची," ते म्हणाले. मुले हसली. काका मात्र हसले नाहीत.

मग आमच्या शेवटच्या बाकावरच्या पाहुण्याने आपला प्रश्न काकांनाच विचारला. काका म्हणाले, "बाळा, बिबट्या रोज मॉलमध्ये येत नाही, पण माणूस रोज जंगलात येतो. म्हणून आमचं काम रोज असतं."

कुणाच्या हाताखाली कोण?

जंगलाचे छोटे छोटे तुकडे पाडलेले असतात. सर्वांत छोटा तुकडा म्हणजे नियतक्षेत्र. सगळे त्याला 'बीट'च म्हणतात. बीट सांभाळतो तो वनरक्षक. काही बीट मिळून एक परिमंडळ होते, ते वनपालाकडे असते. काही परिमंडळे मिळून होते परिक्षेत्र. त्याचे प्रमुख म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी, आपण ज्यांना 'रेंजर साहेब' म्हणतो ते. येऊर हे असेच एक परिक्षेत्र. पण जंगलाची पायवाट न् पायवाट ज्याला पाठ असते, तो वनरक्षकच.

काकांचा दिवस सुरू होतो गस्तीने. हातात काठी, खिशात वही, खांद्याला पाण्याची बाटली. ओल्या मातीतले पायांचे ठसे बघायचे. झाडावरचे नखांचे ओरखडे बघायचे. पाणवठ्यात पाणी आहे ना ते बघायचे. आणि फास शोधायचे. गाडीच्या क्लचची तार असते ना, तिचा फास करून कुणीतरी चोरून रानडुकरासाठी लावून ठेवतो. डुक्कर सुटते, बिबट्या अडकतो. गवतात लपलेली ती बारीक तार शोधायला नजर तयार असावी लागते.

उन्हाळा आला की वणव्याची धास्ती. म्हणून उन्हाळ्याआधीच जाळरेषा काढतात. म्हणजे काय, तर वाळलेल्या गवताचा एक पट्टा मुद्दाम साफ करायचा किंवा देखरेखीखाली जाळून टाकायचा. मग पुढे आग लागलीच तर ती त्या पट्ट्यापाशी येऊन अडते, कारण तिला खायलाच काही उरत नाही! तरीही वणवा लागतोच. कुणाची विडी, कुणाची विझवायची राहिलेली चूल. मग हिरव्या फांद्या घेऊन ज्वाळा झोडपत विझवायच्या. घामाने अंग भिजते, धुराने डोळे चुरचुरतात.

पावसाळ्यात धबधब्याकडे लोक धाव घेतात. पाणी अचानक वाढते, पाय निसरतो. त्यांना अडवायचे. वर्षअखेरीच्या रात्री पार्टी करायला गाड्या येतात. त्यांनाही अडवायचे. "बिबट्याला कधी समजवावं लागत नाही हो बाई," काका मला म्हणाले, "माणसांना समजवता समजवता मात्र घसा बसतो."

पाकिटाची गोष्ट

जेवायला बसलो, तेवढ्यात माकडांची टोळी आली. आमच्यातल्या एकीने चपातीचा तुकडा पुढे केला. काकांनी लगेच शिट्टी फुंकली. तिचा चेहरा एवढासा झाला. काका तिच्याजवळ खाली बसले आणि म्हणाले, "आज तू प्रेमानं दिलंस. उद्या ते माकड दुसऱ्या एखाद्या लहान मुलीच्या हातातून ओढून घेईल, चावेल. मग लोक म्हणतील, माकडं पकडा."

आणि ती पाकिटे का मोजली होती? ऐका. खाऊचे खरकटे टाकले की त्या वासाने भटकी कुत्री आणि डुकरे येतात. कुत्री वाढली की त्यांच्यामागे बिबट्या येतो, कारण कुत्रा म्हणजे त्याला सहज मिळणारी शिकार. बिबट्या वस्तीजवळ येऊ लागला की कधीतरी माणसाची आणि त्याची गाठ पडते. म्हणजे एक पाकीट कुठून कुठे पोचले पाहा!

ही गाठ किती वाईट ठरू शकते, ते आपल्या भागाने पाहिले आहे. २००४ च्या जून महिन्यात उद्यानाच्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत कितीतरी माणसे दगावली. त्यांत मुलेही होती. तेव्हा सगळ्यांना वाटे, बिबटे पकडा आणि लांब नेऊन सोडा. पण विद्या अत्रेय या संशोधिकेने जुन्नर भागात अभ्यास केला. बिबट्यांना पकडून परक्या ठिकाणी सोडल्यावर हल्ले कमी न होता उलट वाढले, असे त्यातून दिसले. घर हरवलेला बिबट्या बिथरतो. पुढे २०११ मध्ये वन खात्याने संशोधक आणि नागरिकांना बरोबर घेऊन उद्यानाभोवतीच्या लोकांना समजावण्याचे काम सुरू केले. कचरा उचला, मुलांना अंधारात एकटे सोडू नका, बिबट्या दिसला तर घोळका करू नका. बिबट्या तोच राहिला, माणसांनी वागणे बदलायला सुरुवात केली.

इथल्या पाड्यांवरच्या वारली लोकांना हे कधीपासून ठाऊक आहे. ते वाघोबाला देव मानतात. त्याची पूजा करतात आणि त्याच्यापासून जपूनही राहतात.

आता मॉलच्या दिवसाची आठवण करा. बेशुद्धीची सुई टोचली म्हणजे बिबट्या लगेच झोपत नाही. औषध अंगात भिनायला वेळ लागतो. तेवढ्यात आरडाओरडा झाला, गर्दी अंगावर आली, तर घाबरलेला प्राणी जिवाच्या आकांताने कुठेही उडी मारेल. म्हणजे त्याला पकडणाऱ्यांचे अर्धे काम आपण गप्प आणि लांब राहण्यावर अवलंबून असते!

तुम्हाला व्हायचंय राखणदार?

वनरक्षक होण्यासाठी बारावी व्हावे लागते आणि भरतीत धावून दाखवावे लागते. रेंजर साहेब किंवा रेंजर बाई व्हायचे तर पदवी घेऊन महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची वनसेवेची परीक्षा द्यायची. हो, बाईसुद्धा! वन खात्यात कितीतरी मुली वनरक्षक आहेत.

पण नोकरी सोपी नाही, हेही सांगायला हवे. स्वाती ढुमणे या ताडोबाच्या जंगलात वनरक्षक होत्या. २० नोव्हेंबर २०२१ रोजी वाघांच्या गणनेसाठी खुणा शोधत त्या पायी निघाल्या होत्या. वाटेत वाघीण दिसली म्हणून त्यांनी दुसरी वाट धरली. तरीही वाघिणीने झडप घातली आणि स्वातीताई गेल्या. वर्तमानपत्रात वाघांचा आकडा छापून येतो ना, तो असा पायी चालणाऱ्या माणसांनी गोळा केलेला असतो.

अशा माणसांसाठी जगभर ३१ जुलै हा दिवस 'जागतिक रेंजर दिन' म्हणून पाळतात. या वर्षी त्या दिवशी तुमच्या वर्गातून एक पत्र जवळच्या वन कार्यालयात पाठवाल? आणि वस्तीत कधी एखादा वन्यप्राणी अडकलेला दिसलाच, तर मोबाइल फोटो काढायला नको, मोठ्यांना १९२६ हा वन खात्याचा नंबर लावायला सांगा.

हो, एक राहिलेच. परतताना फाटकावर काकांनी पाकिटे मोजली. भरली पंचवीस! एक कमी. काका काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले. मग शेवटच्या बाकावरचा आमचा तो पाहुणाच मागे पळाला. पाच मिनिटांनी धापा टाकत आला, तेव्हा त्याच्या एका हातात आपले पाकीट होते आणि दुसऱ्या हातात आणखी चार. ती आमची नव्हती!

काका तेव्हा पहिल्यांदा हसले. त्यांनी वहीत लिहिले, "आत सव्वीस, बाहेर तीस."