नाव शांतीचे, काम अणुबॉम्बचे

‘युद्ध नको, बुद्ध हवा’ म्हणणाऱ्या आम्हाला ‘मेटल गिअर सॉलिड : पीस वॉकर’ या गुप्तहेरी खेळाच्या कथेने विचारात पाडले. जपानच्या कोनामीने २०१० साली हातातल्या पीएसपी यंत्रासाठी तो काढला. कथेचा काळ १९७४, स्थळ मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका. या देशाने १९४८ साली आपले लष्करच मोडीत काढले, हे मात्र अगदी खरे! कथेत तिथे परकी सशस्त्र फौज घुसते. तिच्या अण्वस्त्रधारी चालत्या यंत्राच्या नावातच ‘शांती’! बटण दाबताना माणूस कचरेल, यंत्र कचरणार नाही, हा त्यामागचा हिशेब. खेळात पहारेकऱ्याला ठार न मारता बेशुद्ध करून फुग्याने तळावर नेले, तर तोच पुढे साथी होतो. पोरांना हे ठाऊक असते. आणि शेवटी अणुयुद्ध टाळायला ते यंत्र स्वतःच निकाराग्वाच्या सरोवरात उतरून बुडते.