इंग्रजी भविष्यकाळ : बडोदेकरांसाठी चार वाटा

गायकवाडांचं संस्थान १९४९ साली विलीन झालं, तरी बडोद्यात मराठी घरं नांदती राहिली. घरात ‘जाईन’, बाहेर गुजराती ‘जईश’. दोन्हीकडे भविष्यकाळ प्रत्ययातून कळतो. इंग्रजी क्रियापदाला असा प्रत्ययच नाही. तिथे बोलणाऱ्याचा हेतू पाहून रचना निवडायची.

● आयत्या वेळचा निर्णय, वचन, अंदाज : ‘विल’. फोन वाजला की, ‘आय विल गेट इट.’

● आधीच केलेला बेत किंवा दिसणारी चिन्हं : ‘गोइंग टू’. आभाळ भरून आलं की, ‘इट इज गोइंग टू रेन.’

● वेळ-ठिकाण पक्कं असलेली भेट : चालू वर्तमानकाळ. ‘आय ॲम मीटिंग हर ॲट सयाजीबाग टुमारो.’

● वेळापत्रक : साधा वर्तमानकाळ. ‘द ट्रेन लीव्ह्ज वडोदरा ॲट सिक्स.’

हमखास होणारी चूक : ‘व्हेन आय विल रीच, आय विल कॉल.’ ‘जेव्हा पोहोचेन, तेव्हा फोन करीन’ ही मराठी घडण त्यात जशीच्या तशी उतरते. वेळ किंवा अट सांगणाऱ्या ‘व्हेन’, ‘इफ’, ‘आफ्टर’च्या उपवाक्यात भविष्यकाळासाठी ‘विल’ घालू नका. ‘व्हेन आय रीच, आय विल कॉल’ हेच बरोबर.