अवकाशातील जहाजावर उतरताना

मुलांनो, ‘स्पेस इंजिनिअर्स’ हा संगणकावरचा खेळ २०१३ साली प्राग शहरातील एका कंपनीने आणला. यात खेळाडू स्वतः अवकाशयाने बांधतो. चालत्या मोठ्या जहाजावर लहान लढाऊ यान उतरवणे हे त्यातले कठीण काम आहे.

समजा, जहाज सेकंदाला ५० मीटर वेगाने जात आहे. मागून येणाऱ्या यानाचा वेग ६० मीटर असेल, तर ते जहाजावर आदळेल व दोघांचेही नुकसान होईल. म्हणून चालक उलट दिशेने जोर लावून वेग सारखा करतो. शेजारून सारख्याच वेगाने धावणारी आगगाडी आपल्याला थांबलेली वाटते, तसेच जहाज त्याला स्थिर दिसते. मग तो यान हळूच टेकवतो. यानाचे पाय जहाजाला घट्ट पकडतात. ही पकड बसली नाही, तर जहाज वळताच यान मागे राहते.