आधी उंट बांधा, मग भरवसा ठेवा

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत बाजार सहरपर्यंत जागा असतो. कपडे, चपला, अत्तर, शेवया विकणाऱ्या अनेकांची वर्षाची कमाई याच दिवसांवर अवलंबून असते. माल उधारीवर भरलेला असतो. अशा वेळी चोरी झाली किंवा आग लागली, तर दुकानदाराबरोबर त्याच्या कामगारांचीही ईद जाते. तरीही ‘अल्लाह मालिक आहे’ म्हणून आपण निर्धास्त राहतो.

एकाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले होते, की उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून? प्रेषितांनी आधी उंट बांधायला सांगितले. ‘तवक्कुल’चा अर्थ हाच आहे.

हिजरी सन 5 मध्ये, म्हणजे इ.स. 627 मध्ये, मोठे सैन्य मदीनेवर चालून येत असल्याची खबर आली. शहराच्या इतर बाजूंना खडकाळ लाव्हाचे पट्टे, खजुराच्या बागा आणि घरांची दाटी होती. उघडी होती ती उत्तरेची बाजू. हजरत सलमान फारसी (रजि.) यांच्या सल्ल्याने तिथे खंदक खोदला गेला. प्रेषितांनी स्वतः माती वाहिली. शत्रूला वेढा उठवून परतावे लागले.

दुकानदारानेही आपली उघडी बाजू शोधायला हवी. इफ्तारच्या वेळी सगळ्यांचे हात एकदम खजुराकडे जातात आणि नजर गल्ल्यावरून उठते. म्हणून निम्म्यांनी गल्ल्याजवळच रोजा सोडावा. ते उठले की बाकीच्यांनी जेवायला बसावे. शेजारच्या हिंदू दुकानदाराला दहा मिनिटे लक्ष ठेवायला सांगावे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण त्याच्या दुकानाकडे पाहावे.

ग्राहकाने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या खात्यात रक्कम आल्याची खात्री झाल्यावरच पिशवी हातात द्यावी. क्यूआर कोडवर कुणी दुसरे स्टिकर चिकटवले नाही ना, हे रोज स्कॅन करून पाहावे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे काउंटरवरच्या पोराला पढवून ठेवावे. फसवणूक झालीच, तर लगेच 1930 वर फोन करावा.

रोषणाईच्या माळा, पंखे, इस्त्री सगळे एकाच बोर्डावर नको. वायर गरम लागली, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावे. बाहेर पडायच्या वाटेत गठ्ठे रचू नयेत. रात्रीची रोकड रोज एकाच वेळी, एकट्याच्या हाती पाठवू नये.

आणि उधारी लिहून ठेवावी. कुरआनातील सर्वांत लांब आयत (सूरह बकरा, 282) देण्याघेण्याची नोंद साक्षीदारांसमक्ष करण्याबद्दलच आहे. तोंडी व्यवहारातून नाती तुटतात, तो धोका चोरीपेक्षा लहान नाही.

आज रात्री शटर ओढल्यावर कुलूप एकदा हिसका देऊन पाहा. मग दुआसाठी हात उचला.